आधी वीज टिकली, मग गाड्या आल्या: नेपाळच्या विद्युतीकरणाचा अभ्यास

जुलै २०२४ ते जुलै २०२५ या नेपाळी आर्थिक वर्षात त्या देशात आलेल्या नव्या प्रवासी गाड्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश गाड्या विजेवर चालणाऱ्या होत्या. जगभराचा विचार केला तर २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांमध्ये साधारण पाचातली एक विजेची होती. नेपाळ हा श्रीमंत देश नाही. तिथे गाड्यांचा मोठा कारखाना नाही, खनिज तेल नाही, समुद्र नाही. डोंगरातले रस्ते पावसाळ्यात तुटतात. दहा वर्षांपूर्वी याच देशाच्या राजधानीत हिवाळ्यात लोक मेणबत्तीच्या उजेडात जेवत होते.

स्वच्छ ऊर्जेकडे जाण्याच्या चर्चेत नॉर्वे, चीन आणि जर्मनी यांची उदाहरणं पुन्हापुन्हा येतात. नेपाळचं उदाहरण मला त्यांच्याहून मोलाचं वाटतं, कारण त्याची परिस्थिती आपल्या ओळखीची आहे: डबघाईला आलेलं वीज मंडळ, वीजचोरी, थकबाकी, परदेशातून विकत घ्यावं लागणारं इंधन आणि चुलीवर शिजणारा निम्म्या देशाचा भात. अशा ठिकाणी विद्युतीकरण कसं घडलं, कुठे अडलं आणि अजून कुठे सुरूच झालेलं नाही, हे नीट पाहण्यासारखं आहे.

सुरुवात जुनीच होती

विजेवर चालणारं वाहन काठमांडूला नवं नाही. १९७५ साली चीनच्या मदतीने त्रिपुरेश्वर ते भक्तपूरजवळचं सूर्यविनायक अशी १३ किलोमीटरची ट्रॉलीबस सुरू झाली. पुढे देखभालीला पैसे मिळेनात, व्यवस्थापन ढासळलं, आणि २००१ नंतर बंद-सुरू होत होत २००८ च्या सुमारास ती कायमची थांबली. दरम्यान १९९३ मध्ये एका डिझेल टेम्पोचं इंजिन काढून त्यात बॅटरी आणि मोटर बसवण्याचा प्रयोग झाला. त्यातून पांढरे ‘सफा टेम्पो’ आले. १९९९ मध्ये काठमांडू खोऱ्यातून काळा धूर ओकणारे विक्रम टेम्पो हद्दपार झाले तेव्हा या सफा टेम्पोंना बाजार मिळाला. त्यांची संख्या सहाशे-सातशेपर्यंत गेली आणि ते चालवणाऱ्यांमध्ये बायकांचं प्रमाण लक्षणीय होतं. पण शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या महाग पडत, लवकर मरत, आणि चार्ज करायला वीज असेल तर ना! म्हणून हा प्रयोग पंचवीस वर्षं जागच्या जागी राहिला. पुढे जे घडलं त्याचं मर्म इथेच आहे. वाहनाची कल्पना होती, माणसं होती, सरकारी इच्छाही अधूनमधून होती. भरवशाची वीज मात्र नव्हती.

नाकाबंदीचा हिवाळा

एप्रिल २०१५ मध्ये मोठा भूकंप झाला. सप्टेंबरमध्ये नवं संविधान लागू झालं आणि तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट प्रदेशातल्या, मधेशी गटांनी त्याविरुद्ध आंदोलन पेटवलं. सीमेवरची वाहतूक अडली. नेपाळने ही भारताची नाकाबंदी असल्याचं म्हटलं; भारताने ते अधिकृतपणे नाकारलं आणि नेपाळच्या हद्दीतल्या आंदोलनाकडे बोट दाखवलं. वाद काहीही असो, परिणाम एकच होता. नेपाळचं पेट्रोल, डिझेल आणि स्वयंपाकाचा गॅस इंडियन ऑइलकडून जमिनीच्या मार्गाने येतो, आणि तो मार्ग फेब्रुवारी २०१६ पर्यंत जवळपास बंद राहिला.

भूकंपात घर गमावलेल्या कुटुंबांनी तो हिवाळा गॅसविना काढला. पेट्रोल काळ्या बाजारात गेलं. शहरातल्या गच्च्यांवर चुली पेटल्या. ज्यांना जमलं त्यांनी इंडक्शनच्या शेगड्या आणल्या, आणि त्या लावल्या की परिसरातले ट्रान्सफॉर्मर उडू लागले. एका बाजूला देशात नद्यांचं पाणी वाहून जात होतं आणि दुसऱ्या बाजूला तोच देश एका सीमेवरच्या टँकरकडे डोळे लावून बसला होता. नेपाळमध्ये विजेच्या गाड्यांना जो पाठिंबा मिळाला, त्यात हवामान बदलाच्या चिंतेइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, या हिवाळ्याच्या आठवणीचा हात आहे.

पैशाचं गणितही तितकंच कडक आहे. नेपाळ दरवर्षी तीनशे अब्ज नेपाळी रुपयांच्या घरातलं पेट्रोलियम विकत घेतो. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये असा बांधलेला दर आहे, म्हणजे आपल्या हिशेबात सुमारे अठरा-एकोणीस हजार कोटी. देशाची परकीय गंगाजळी भरते ती मुख्यतः आखातात, मलेशियात आणि भारतात राबणाऱ्या नेपाळी कामगारांच्या पैशातून. २०२२ मध्ये गंगाजळी आटू लागली तेव्हा सरकारने गाड्यांसह अनेक वस्तूंच्या आयातीवर काही महिने बंदीच घातली. कतारच्या उन्हात कमावलेला पैसा काठमांडूच्या वाहतूककोंडीत धूर होऊन जातो, हे तिथल्या अर्थतज्ज्ञांना सलत होतं आणि त्यांचं सलणं रास्त होतं.

अठरा तासांचा अंधार कसा गेला

या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

२००८ च्या कोशीच्या पुरानंतर नेपाळने ऊर्जा संकट जाहीर केलं होतं. नंतरच्या वर्षांत हिवाळ्यात दिवसाला सोळा-अठरा तासांपर्यंत लोडशेडिंग असे. वर्तमानपत्रात वेळापत्रक छापून येई. पैसेवाल्यांकडे इन्व्हर्टर, कारखान्यांकडे डिझेल जनरेटर, बाकीच्यांकडे मेणबत्ती. महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षं ज्यांनी गावाकडे काढली आहेत त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको.

सप्टेंबर २०१६ मध्ये कुलमान घिसिङ नेपाळ विद्युत प्राधिकरणाचे, म्हणजे तिथल्या सरकारी वीज मंडळाचे, कार्यकारी संचालक झाले. रामेछाप जिल्ह्यातला हा अभियंता जमशेदपूरला शिकला होता आणि आधी चिलिमे जलविद्युत कंपनी सांभाळून आला होता. पुढच्या काही आठवड्यांत तिहार आला, म्हणजे आपली दिवाळी, आणि काठमांडूत वीज गेली नाही. मग ती गेलीच नाही. २०१८ च्या मे महिन्यात कारखान्यांचं लोडशेडिंगही संपल्याचं जाहीर झालं.

इतक्या थोड्या दिवसांत नवा जलविद्युत प्रकल्प उभा राहत नसतो. मग वीज आली कुठून? दोन उत्तरं दिली जातात आणि दोन्ही खरी आहेत. पहिलं, वाटप बदललं. त्या काळात काही मोठ्या कारखान्यांना स्वतंत्र फीडरवरून, म्हणजे वेगळ्या वीजवाहिनीवरून, जास्त दराने अखंड वीज मिळत होती, आणि त्याच वेळी शहरातली घरं अंधारात होती. संध्याकाळच्या मागणीच्या तासांत उद्योगांचा भार कमी करायचा, कुलेखानीच्या जलाशयातलं पाणी दिवसभर न वापरता नेमकं संध्याकाळसाठी राखायचं, आणि वीजवाटप जिथून चालतं त्या स्युचाटारच्या भारप्रेषण केंद्रातून फीडरनिहाय भार तासातासाला हलवायचा, असं काम सुरू झालं. दुसरं, भारताकडून वीज वाढली. ढल्केबर ते मुझफ्फरपूर ही सीमेपलीकडची मोठी वाहिनी फेब्रुवारी २०१६ मध्येच सुरू झाली होती. २०१६-१७ मध्ये नेपाळच्या एकूण विजेपैकी सुमारे एक तृतीयांश भारतातून आली.

घिसिङ यांचे टीकाकार दुसऱ्या उत्तरावर भर देतात: आयात केली आणि श्रेय घेतलं. मला ही टीका अपुरी वाटते. वाहिनी त्यांच्या आधीपासून होती, आणि वाटपातला अन्याय तर कितीतरी जुना होता. सुधारणेला लागलं ते एवढंच की, कुणाचा फीडर कधी चालू आणि कधी बंद, हा निर्णय दबावाला न जुमानता घेणारा माणूस हवा होता. त्याच्या जोडीला वीजगळतीवर हात घातला गेला. २०१५-१६ मध्ये सुमारे २६ टक्के वीज गळतीत आणि चोरीत जात होती. तीन वर्षांत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आलं. वर्षानुवर्षं तोट्यात असलेलं प्राधिकरण नफ्यात आलं. नफ्यातल्या संस्थेला खाजगी प्रकल्पांची वीज विकत घेण्याचे करार पाळता येतात, आणि करार पाळले जातात असं दिसलं की बँका कर्ज देतात.

इथे पुण्याची आठवण येणं साहजिक आहे. २००६ मध्ये पुण्यात उद्योगांच्या स्वतःच्या जनरेटरांची मदत घेऊन आणि ग्राहकांकडून थोडा जादा आकार घेऊन शहर भारनियमनमुक्त केलं गेलं. काठमांडूने उलटा रस्ता धरला, उद्योगांची अखंड वीज कमी करून घरांना दिली. पुण्याचा उपाय चटकन अमलात आला, पण तो पैसे देऊ शकणाऱ्या शहरापुरता होता. काठमांडूचा उपाय पुढे देशभर नेता आला.

त्याची राजकीय किंमतही होती. त्या स्वतंत्र फीडरांवर घेतलेल्या विजेची जादा दराची थकबाकी उद्योगपतींनी भरायची की नाही, हा वाद अब्जावधी रुपयांचा झाला. एक चौकशी आयोग बसला. घिसिङ यांनी थकबाकीदार कारखान्यांच्या लाइन कापल्या. मार्च २०२५ मध्ये सरकारने त्यांना पदावरून काढलं. सप्टेंबर २०२५ मधल्या तरुणांच्या उठावानंतर सुशीला कार्की यांचं अंतरिम सरकार आलं तेव्हा तेच घिसिङ ऊर्जामंत्री झाले. वीज मंडळाच्या अधिकाऱ्याला लोकांनी इतकं डोक्यावर घेतल्याचं उदाहरण आपल्या उपखंडात सहसा सापडत नाही.

वितरण रुळावर येत असताना उत्पादनही वाढत होतं. २०१६ मध्ये देशाची स्थापित क्षमता हजार मेगावॉटच्याही आत होती. २०२४ पर्यंत ती तीन हजारांच्या पुढे गेली. यात मोठा वाटा खाजगी कंपन्यांच्या मध्यम प्रकल्पांचा आहे. प्रकल्पग्रस्त भागातल्या रहिवाशांना कंपनीचे दहा टक्के शेअर देण्याची पद्धत तिथे आहे. ४५६ मेगावॉटचा अप्पर तामाकोशी २०२१ मध्ये सुरू झाला, तो देशातल्याच पैशावर, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी आणि सामान्य भागधारक यांच्या जोरावर. ज्या देशात प्रत्येक मोठ्या कामाला परदेशी दाता लागत असे, तिथे ही गोष्ट लहान नाही.

करांची पायरी

आता गाड्या. नेपाळमध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाडीवर सगळे कर मिळून मूळ किमतीच्या अडीच-तीन पट रक्कम पडू शकते. आपल्याकडे दहा लाखांना मिळणारी गाडी तिथे एखाद्या फ्लॅटच्या भावात जाते. हा कर मुळात पर्यावरणासाठी नव्हता. गाडी म्हणजे चैन, आणि सरकारला महसूल सीमेवरच मिळतो, एवढाच विचार त्यामागे होता. विजेच्या गाड्यांना यातून मोठी सूट मिळाली, आणि दोन्हींच्या किमतींतली दरी एवढी रुंद झाली की ग्राहकाला वेगळं पटवून देण्याची गरज उरली नाही.

पण हा प्रवास सरळ नव्हता. मे २०२० च्या अर्थसंकल्पात सरकारने विजेच्या गाड्यांवरचं सीमाशुल्क एकदम वाढवलं आणि वर अबकारी करही लावला. बाजार बसला. २०२०-२१ या वर्षात जेमतेम अडीचशे विजेच्या गाड्या आल्या. २०२१ मध्ये नव्या अर्थसंकल्पाने तो निर्णय मागे घेतला. त्यानंतरच्या वर्षात आकडा अठराशेवर गेला, पुढे चार हजार, आणि २०२३-२४ मध्ये अकरा हजारांच्या वर. रस्ते तेच होते, चढ तेच होते, लोकही तेच होते. फरक कराचा होता. धोरणाचा परिणाम इतका स्वच्छ दिसणारी उदाहरणं अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवायला हवीत.

सध्या कर मोटरच्या शक्तीनुसार टप्प्याटप्प्याने वाढतो: ५० किलोवॉटपर्यंत सगळ्यात कमी, मग १०० किलोवॉट, मग त्यापुढे. साहजिकच कंपन्या नेपाळसाठी टप्प्याच्या जेमतेम आत बसणाऱ्या मोटरचे नमुने पाठवू लागल्या. कर चुकवण्याची ही पळवाट म्हणता येईल, पण डोंगरी देशात कमी शक्तीची, स्वस्त, लहान गाडी जास्त खपावी हेच धोरणाला हवं असेल तर त्यात बिघडलं काय?

सुरुवातीच्या वर्षांत टाटाची नेक्सॉन तिथे आघाडीवर होती, आणि ती पुण्याजवळ रांजणगावला तयार होते. आता बीवायडीसह चिनी कंपन्यांनी बाजाराचा मोठा भाग काबीज केला आहे. किंमत, रेंज आणि नमुन्यांची विविधता या तिन्हींत त्या पुढे गेल्या. शेजारच्या बाजारात, रस्त्याने दोन दिवसांच्या अंतरावर, आपल्या कारखान्यांनी मिळालेली आघाडी गमावली, याची महाराष्ट्रातल्या वाहन उद्योगाने जितकी दखल घ्यायला हवी होती तितकी घेतलेली मला दिसत नाही.

खाजगी गाड्यांपेक्षा मला महत्त्वाच्या वाटतात त्या मायक्रोबस. चौदा-पंधरा आसनांच्या चिनी विद्युत व्हॅन काठमांडू–पोखरा आणि काठमांडू–चितवन अशा लांबच्या मार्गांवर धावू लागल्या आहेत. यात सरकारने काही योजना आखली नव्हती. मालकाने वही काढली, डिझेलचा रोजचा खर्च आणि विजेचा रोजचा खर्च शेजारी मांडला, आणि कर्ज काढून गाडी घेतली. उतारावर ब्रेक लावताना मोटर उलट वीज तयार करून बॅटरीत भरते, त्यामुळे डोंगरी रस्ता तितका अडचणीचा ठरत नाही. प्राधिकरणाने देशभरात ५१ ठिकाणी जलद चार्जर उभारले, पण महामार्गावरचं खरं जाळं विणलं ते हॉटेल आणि ढाबेवाल्यांनी. प्रवासी दाल-भात खाईपर्यंत गाडी चार्ज होते. हॉटेलला गिऱ्हाईक मिळतं आणि चालकाला थांबा. रात्री उशिरा चार्ज केलं तर दर आणखी उतरतो, कारण तेव्हा नद्या वाहतच असतात आणि वीज घ्यायला कोणी नसतं.

सहकारी तत्त्वावर चालणाऱ्या साझा यातायातने ४० विद्युत बस घेतल्या. राजधानीच्या गरजेच्या मानाने त्या फारच थोड्या आहेत. रस्त्यावरची बहुसंख्य वाहनं दुचाकी आहेत आणि त्या अजूनही पेट्रोलवरच फिरतात. म्हणून ‘तीन चतुर्थांश’ हा आकडा ऐकून काठमांडूची हवा स्वच्छ झाली असेल असं कोणी समजू नये. हिवाळ्यात ती जगातल्या सगळ्यात वाईट हवांमध्ये मोजली जाते. वीटभट्ट्या, धूळ, कचऱ्याची आग आणि वसंतातले वणवे यांवर गाड्यांच्या कराचा काहीच परिणाम होत नाही.

स्वयंपाकघराच्या दाराशी

नेपाळच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा आजही लाकूड, शेण आणि पालापाचोळ्यातून येतो. २०२१ च्या जनगणनेनुसार ५१ टक्के कुटुंबं मुख्यतः लाकडावर स्वयंपाक करतात, ४४ टक्क्यांहून थोडी जास्त गॅसवर. विजेवर स्वयंपाक करणारी कुटुंबं अर्धा टक्का आहेत.

अर्धा टक्का. गाड्यांच्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवला की माझा उत्साह ओसरतो. गाडी घेणारं कुटुंब वरच्या थरातलं असतं. चुलीपुढे बसणारी बाई कोणत्या थरातली आहे हे सांगायला नको. धुराने तिचे डोळे जातात, फुप्फुसं जातात, जळणासाठी दिवसाचे तास जातात. सरकारने २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांना कळवलेल्या हवामान आराखड्यात २०३० पर्यंत २५ टक्के घरांत विजेची शेगडी मुख्य साधन असेल असं उद्दिष्ट मांडलं होतं. त्या दिशेची गती फार मंद आहे, आणि कारण अगदी साधं, तांत्रिक आहे.

ग्रामीण नेपाळमध्ये बहुतेक घरांचं मीटर ५ अँपिअरचं आहे. २३० व्होल्टला त्यातून जेमतेम साडेअकराशे वॉट मिळतात. इंडक्शनच्या शेगडीला दीड ते दोन हजार वॉट लागतात. शेगडी लावली की कटआउट पडतो. मीटर १५ अँपिअरचं करून घ्यायला प्राधिकरणाने शुल्क माफ केलं, पण इथे दुसरी अडचण उभी राहते. गरिबांसाठी महिन्याला २० युनिटांपर्यंतची वीज मोफत आहे, आणि ही सवलत फक्त ५ अँपिअरच्या मीटरला आहे. मीटर मोठं केलं की सवलत गेली आणि मासिक किमान आकारही वाढला. मग कोण बदलून घेईल? सवलत देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण तिची रचना अशी आहे की गरीब घराने दिवा लावावा आणि चूल मात्र लाकडाचीच ठेवावी. त्यातच गावाकडच्या वाहिन्या लांब आणि बारीक, ट्रान्सफॉर्मर लहान. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात गावातल्या निम्म्या घरांनी शेगड्या लावल्या तर व्होल्टेज टिकणार नाही.

स्वयंपाकाच्या गॅसवर सरकार वर्षानुवर्षं तोटा सोसतं आहे. तोच पैसा मीटर, वायरिंग आणि ट्रान्सफॉर्मरवर घातला तर त्याचा उपयोग कायमचा राहील. नेपाळमधले ऊर्जा क्षेत्रातले लोक हे अनेक वर्षं सांगत आले आहेत. पण गाडीसाठी कर कमी करायला एक अर्थसंकल्प पुरतो. स्वयंपाकघरासाठी हजारो गावांत खांब उभे करावे लागतात, आणि त्या कामाचं उद्घाटन करायला मंत्र्याला फारसं काही दिसत नाही.

पावसाळ्यात रेलचेल, हिवाळ्यात उसनवारी

नेपाळचे बहुतेक जलविद्युत प्रकल्प वाहत्या नदीवरचे आहेत. पाणी साठवणारा प्रकल्प मुळात एकच, कुलेखानी, आणि तोही लहान. त्यामुळे जून ते ऑक्टोबर वीज उतू जाते, आणि जानेवारी ते एप्रिल उत्पादन क्षमतेच्या सुमारे एक तृतीयांशावर येतं. जास्तीची वीज भारताच्या वीज बाजारात २०२१ पासून विकली जाते. २०२३-२४ मध्ये नेपाळने पहिल्यांदाच घेतली त्यापेक्षा थोडी जास्त वीज विकली. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताच्या तारांमधून बांगलादेशाला ४० मेगावॉट विजेची सुरुवात झाली. भारताने दहा वर्षांत नेपाळकडून १०,००० मेगावॉट घेण्याचा करार २०२४ च्या जानेवारीत केला आहे, मात्र ज्या प्रकल्पांत चिनी गुंतवणूक किंवा चिनी कंत्राटदार आहेत त्यांची वीज भारत घेत नाही. म्हणजे नेपाळच्या गाड्या चीनकडून येतात आणि विजेचा ग्राहक भारत आहे. दोघांच्या मध्ये राहून हे सांभाळायचं आहे.

हिवाळ्यात आयात होणारी भारतीय वीज मुख्यतः कोळशाची असते. त्यामुळे फेब्रुवारीत काठमांडूत चार्ज होणाऱ्या गाडीत बिहारमार्गे आलेल्या कोळशाचा अंश असतोच. हे लपवण्यासारखं नाही आणि त्यामुळे गाडीचा उपयोग शून्यही होत नाही. पण साठवण प्रकल्पांना लागलेला उशीर त्यातून ठळकपणे दिसतो. १,२०० मेगावॉटचा बूढीगण्डकी जलाशय प्रकल्प दशकानुदशकं घोषणा, कंत्राटं आणि कंत्राट रद्द करण्याचे निर्णय यांत अडकला आहे. १४० मेगावॉटचं तनहुँ बांधकामात आहे. सौरऊर्जा हिवाळ्याची तूट बरीच भरून काढू शकते, कारण हिमालयाच्या पायथ्याशी हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं. तिकडे लक्ष गेलं ते उशिराच.

आणि नद्या आता पूर्वीसारख्या वागत नाहीत. सप्टेंबर २०२४ च्या अखेरच्या अतिवृष्टीत दोनशेहून अधिक माणसं गेली आणि अप्पर तामाकोशीसह अनेक प्रकल्पांचं नुकसान झालं. ८ जुलै २०२५ ला रसुवा जिल्ह्यातल्या भोटेकोशी नदीला अचानक पूर आला. तिबेटच्या बाजूला हिमनदीवर साचलेलं एक तळं रिकामं झाल्याचं काठमांडूतल्या इसिमोड या पर्वतीय संशोधन संस्थेने सांगितलं. चीनशी जोडणारा मितेरी पूल वाहून गेला, जलविद्युत केंद्रांना फटका बसला, आणि सीमेवर तपासणीसाठी उभ्या असलेल्या नव्या विद्युत गाड्याही पाण्याने ओढून नेल्या. जगाच्या धुरात ज्या देशाचा वाटा नगण्य आहे, त्याची स्वच्छ वीज आणि स्वच्छ वाहनं एकाच रात्री त्याच धुराच्या परिणामाने वाहून जावीत, यातला अन्याय शब्दांत मांडताना माझी लेखणी जड होते.

इतरांशी ताडून पाहता

नॉर्वेशी नेपाळची तुलना नेहमी होते: दोन्हीकडे जलविद्युत, दोन्हीकडे करसवलत. नॉर्वेत २०२४ मध्ये नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के विजेच्या होत्या. पण नॉर्वेने सवलती १९९० पासून सुरू केल्या आणि त्यांचा भार पेलायला त्याच्याकडे तेलाच्या निर्यातीचा पैसा होता. नेपाळला असा आधार नाही. सीमाशुल्क बुडालं तर शाळांचे पगार अडतात. इथियोपिया अधिक जवळचा आहे. जलविद्युत भरपूर, इंधनासाठी परकीय चलन नाही, म्हणून त्याने २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या खाजगी गाड्यांची आयातच थांबवली. पाकिस्तानचा अनुभव उलटा आहे. तिथे सार्वजनिक वीज जाळ्यातली (ग्रिडची) वीज महाग आणि बेभरवशाची राहिली, म्हणून लोकांनी एकट्या २०२४ मध्ये सुमारे १७ गिगावॉटची चिनी सौरपॅनेलं आणून छपरांवर चढवली. ज्यांच्याकडे छप्पर आणि पैसा होता ते सुटले. जे जाळ्यावरच राहिले त्यांच्या माथी त्याचा स्थिर खर्च आणखी वाढला.

नेपाळने २०१६ मध्ये वाटप सुधारलं नसतं तर तिथेही हेच झालं असतं, असं माझं मत आहे. पैसेवाल्यांनी छपरावर पॅनेलं बसवली असती, प्राधिकरण बुडालं असतं, आणि महामार्गावरच्या ढाब्याला चार्जर लावण्याइतकी वीज कुणी दिली नसती.

पुढच्या दोन-तीन वर्षांत तीन गोष्टी ठरणार आहेत. विजेच्या गाड्यांची संख्या वाढली तसा पेट्रोलवरचा महसूल घटतो आहे. हे भोक भरायला अर्थखातं पुन्हा २०२० सारखी करवाढ करण्याच्या मोहात पडेल, आणि तसं झालं तर मायक्रोबससाठी कर्ज काढलेले मालक सगळ्यात आधी अडचणीत येतील. उतरलेल्या लिथियम बॅटऱ्यांचं काय करायचं याची व्यवस्था देशात अजून उभी राहिलेली नाही, आणि पहिल्या मोठ्या लाटेतल्या गाड्यांच्या बॅटऱ्या या दशकाच्या अखेरीस थकू लागतील. तिसरी गोष्ट मीटरची. २० युनिटांची सवलत मीटरच्या अँपिअरशी न बांधता कुटुंबाशी बांधली, तर शेगडी घेणाऱ्या घराला दंड बसणार नाही. त्यासाठी ना धरण लागतं, ना परदेशी कर्ज. वीज नियामक आयोगाचा एक दरादेश पुरेसा आहे.